राजा कोपऱ्यात कुणी नेला?

माणसाला एकाएकी अक्कल येत नाही. अक्कलदाढसुद्धा येताना चार दिवस गाल सुजवून येते, हे खुद्द दंतवैद्यांनीच मंडळात कितीदा सांगितलं होतं. तरीही गेल्या काही महिन्यांत मंडळातल्या झाडून सगळ्यांना एकदमच अक्कल आली होती. दंतवैद्यांना आली, वकिलांना आली, बेकरीवाल्यांना आली. इथवर बाईंनी सहन केलं असतं. पण ती त्यांच्या नवऱ्यालाही आली, तेव्हा मात्र त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

बाई म्हणजे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या बाई. मंडळ म्हणजे बुद्धिबळाचं मंडळ. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची लांबट खोली होती. खालच्या इस्त्र्यांच्या वाफेने वरची फरशी कायम कोमट असायची, म्हणून सगळे बूट काढून मोज्यांवर खेळायचे. थंडीत सभासद वाढायचे आणि उन्हाळ्यात गळायचे. जे बारमाही टिकले ते खरे खेळाडू, किंवा ज्यांना घरी करमत नाही असे.

दर शनिवारी बाई भिंतीवरच्या मोठ्या पटावर एक कोडं लावायच्या. डाव संपत आलेला, सोंगट्या मोजक्याच, आणि वाट एकच. ती वाट शोधायला आठवडाभराची मुदत. पुढच्या शनिवारी एकेकाने पार्टिशनच्या मागे जायचं. तिथे छोट्या टेबलावर बाई तोच डाव मांडून बसलेल्या असायच्या. कागद नाही, पेन्सिल नाही. तुम्ही चाल करायची, बाई समोरून उत्तर देणार. उत्तर लिहून घेतलं की माणूस दुसऱ्याच्या चुकांसकट उतरवून काढतो, पण समोर बसून खेळायला लागला की उघडा पडतो, असं बाईंचं शाळेपासूनचं मत होतं. नियमही एकच होता: कोडं सोडवताना माणसाची किंवा यंत्राची मदत घेणारा जन्मभर मंडळाबाहेर. हा नियम बाईंनीच मांडला होता आणि अनुमोदन नवऱ्याने दिलं होतं. त्या वेळी ते डुलक्या घेत होते आणि हात त्यांनी आळस द्यायला वर केला होता, ही गोष्ट वेगळी.

नवऱ्याचं दुकान नळांचं. नळ, पाइप, वॉशर, तोट्या. त्यामुळे मंडळात सगळे त्यांना नळवालेच म्हणायचे. नळवाले बुद्धिबळ कसं खेळायचे, तर समोर दिसलं की खायचं. प्यादं असो नाहीतर वजीर, पानात वाढलेलं टाकायचं नाही हा त्यांचा पटावरही बाणा. त्या नादात आपला राजा कुठे सापडतोय याचं भान नसायचं. बाईंची कोडी नेमकी उलट, समोर ठेवलेलं खाऊ नका हे शिकवणारी. त्यामुळे वर्षानुवर्षं नळवाले पार्टिशनमागे यायचे, खायचे, हरायचे आणि ‘पुढच्या वेळी बघतो’ म्हणत हसत बाहेर जायचे. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे असं नाही. आपल्या डोक्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आपल्याच माणसाला दिसू नये, याचं कुणालाही वाईट वाटेल. पण त्या कधी बोलल्या नाहीत.

आणि आता तेच नळवाले यायचे, समोरचा हत्ती न खाता शांतपणे राजा एक घर मागे घ्यायचे आणि डाव वाचवायचे. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर करायचा सोडून घोडा करायचे, आणि नेमका तोच घोडा जिंकायचा. पहिल्या वेळी बाईंच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या वेळी त्यांनी लेकीला फोन करून बातमी दिली. तिसऱ्या वेळी मनात पाल चुकचुकली. शिवाय नळवाले हल्ली फोन घेऊन बाथरूममध्ये जायचे आणि बराच वेळ बाहेर यायचे नाहीत. नळ बघतोय म्हणावं, तर घरातला एकही नळ गळत नव्हता.

नळवाले आजवर बायकोशी कधी खोटं बोलले नव्हते. गोड खाल्ल्याबद्दल बोलायचे, पण ते ओठाला साखर तशीच ठेवून, त्यामुळे ते धरायचं कारण नाही. आता मात्र हा माणूस रोज समोर बसून जेवतो आणि आपल्याला बेमालूम फसवतो की काय, हे बाईंना कळायला हवं होतं. आणि कळू नये असंही वाटत होतं.

रविवारी लेक आली. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करायची. बाईंनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “काय गं, ते बुद्धिबळाचं यंत्र असतं, त्याला माझी कोडी सुटतील का?”

“यंत्र कसलं आई, फोनमध्ये फुकट मिळतं.” लेकीने तिथल्या तिथे फोन काढला. “सांग, कुठली सोंगटी कुठे आहे?”

बाईंनी आपलं सगळ्यात लाडकं कोडं सांगितलं. महिनाभर घासून घासून केलेलं. लेकीने शेवटचं प्यादं ठेवलं आणि कपाला हात लावायच्या आत फोनने उत्तर देऊन टाकलं. बाईंचा चेहरा उतरला. दुसरं सांगितलं, तेही गेलं. तिसरंही.

“विचार तरी करतो का मेला?” बाई म्हणाल्या.

“विचार नाही गं, मोजतो. उंटाचे तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ, असं ज्याच्याकडे जास्त तो पुढे. मग ही चाल केली तर पुढे काय, ती केली तर पुढे काय, अशा लाखो चाली चाळून बघतो. आणि तुझ्या कोड्यात सोंगट्या इतक्या कमी असतात की तेवढे सगळे शेवट आधीच सोडवून साठवलेत लोकांनी. त्याला नुसतं उघडून वाचायचं असतं.”

“म्हणजे पाठांतर.”

“पाठांतरच.”

पाठांतर हा शब्द ऐकला आणि भूमितीच्या बाई जाग्या झाल्या. प्रमेय पाठ करून येणारी पोरं त्यांनी आयुष्यभर एकाच युक्तीने पकडली होती, आकृती जरा फिरवून द्यायची. त्यांनी पट पुढे ओढला. काळी-पांढरी प्यादी समोरासमोर अशी भिडवली की एकालाही हलता येऊ नये, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत भिंतच. भिंतीच्या एका बाजूला काळ्याचे दोन हत्ती आणि एक उंट, दुसऱ्या बाजूला पांढऱ्याचा एकटा राजा. भिंतीला भोक नाही. हत्ती आत येणार कसे? आपल्याच प्याद्यांनी वाट अडवलेली. उंट अशा रंगाचा की त्याच्या तिरक्या वाटेत पांढऱ्याचं एकही प्यादं येत नाही. शाळकरी पोरालाही कळेल की आता जगबुडी झाली तरी इथे काहीही होणार नाही. बरोबरी.

“विचार त्याला, काय होणार ते.”

फोन म्हणाला, काळा जिंकतोय. तेराने पुढे आहे.

“कसा जिंकतोय? दाखव म्हणावं.”

लेकीने दोन्ही बाजू त्यालाच खेळायला लावल्या. काळा हत्ती डावीकडे गेला. मग उजवीकडे आला. दुसरा हत्ती वर गेला, खाली आला. कुलूप लागलेल्या घराच्या अंगणात राखणदाराने फेऱ्या घालाव्यात तसे दोघे फिरत राहिले आणि दर चालीला फोन मोठ्या ऐटीत सांगत राहिला, तेराने पुढे, तेराने पुढे. बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

“त्याला ना आई,” लेकही हसत होती, “कुणी मारतंय, कुणी मरतंय, हे सगळं कळतं. पण ‘आता काहीच होणार नाही’ हे कळायला जड जातं. मोजायला गेलं तर काळ्याकडेच जास्त ना.”

बाईंचं हसू थांबलं. त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की लेकीने कप खाली ठेवला.

“मी असं कोडं लावते,” बाई म्हणाल्या, “की त्यात वाचायची वाट म्हणजे ही भिंत बांधून घेणं. यंत्राला ती दिसणार नाही. ते भलतीच चाल सांगेल. आणि जो पार्टिशनमागे येऊन ती भलतीच चाल करेल, तो सापडला.”

“आणि बाबांनी केली तर?”

“तर बाबा बाहेर.”

“आई!”

“नियम आहे,” बाई म्हणाल्या आणि पटावरची प्यादी उगाचच सरळ करू लागल्या.

कोडं जमायला आठवडा गेला. भिंत जवळजवळ पुरी, फक्त एका पट्टीत दार उघडं. पांढऱ्याकडे राजा, प्यादी आणि एक घोडा. पाठांतराला वाव राहू नये म्हणून सोंगट्या भरपूर ठेवल्या. वाट अशी होती: घोड्याने शह द्यायचा, असा की राजा आणि हत्ती दोघांवर एकदम मारा. काळ्याने घोडा खाल्ला नाही तर हत्ती जातो. खायचा तर एकामागे एक उभ्या असलेल्या दोन प्याद्यांपैकी मागच्यानेच खाता येतो, आणि ते प्यादं तिरकं जाऊन नेमकं उघड्या पट्टीत बसतं. मग पांढऱ्याने आपलं प्यादं एक घर पुढे सरकवायचं. कडी लागली. एकुलता एक घोडा गेला खरा, पण आता काळ्याने हयातभर हत्ती फिरवावेत.

प्रामाणिक माणूस चुकायला एक जागाही ठेवली होती. घोड्याला काळ्याचा उंट आयता खाता येत होता. खाल्ला की उघड्या दारातून काळ्याचं प्यादं सुसाट आत आणि तीन चालींत मात.

लेकीने फोनला विचारून सांगितलं. फोनच्या मते पांढरा काहीही करो, मरणारच होता. घोडा दिला तर लवकर मरेल, उंट खाल्ला तर त्याहून लवकर. म्हणून जरा उशिरा मरावं यासाठी फोनने चाल सुचवली होती: राजा कोपऱ्यात. साडेसहाने मागे. ही चाल हाडामांसाच्या माणसाला सुचणं शक्य नव्हतं. दारात आग लागलेली असताना माळ्यावर जाऊन बसण्यातली ती चाल होती.

शनिवारी बाईंनी कोडं लावलं. खाली चिठ्ठी लावली, ‘पांढऱ्याची खेळी. पांढरा वाचतो. कसा?’

तो आठवडा बाईंना फार जड गेला. नळवाल्यांनी जेवणाच्या टेबलावर घडीचा पट मांडून ठेवला होता आणि आमटीचे थेंब सांडत ते त्याच्याकडे टक लावून बघायचे. शेजारी फोन. बाई पाठ करून भांडी आवरायच्या. दोनदा त्यांच्या मनात आलं, सांगून टाकावं, अहो, या वेळी फोनला विचारू नका. एकदा तर ‘अहो’पर्यंत आल्याही.

“काय गं?”

“काही नाही. वाढू का अजून?”

ज्याला पकडायचं त्यालाच सावध करायचं, ही कुठली रीत? बाईंनी स्वतःलाच दटावलं आणि मीठ दुसऱ्यांदा घातलं.

शनिवार आला. नळवाले नेहमीच सगळ्यात शेवटी यायचे, दुकान बंद करून. आज तर कुणाच्या तरी घरी पाइप फुटला म्हणून आणखी उशीर होणार, असा निरोप होता. पार्टिशनमागे पहिले आले ते दंतवैद्य. ते मंडळाचे अध्यक्षही होते. खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले, बोटं एकमेकांना टेकवली आणि मग उजव्या हाताच्या दोन बोटांत राजा धरून दात उपटावा तसा अलगद उचलला.

राजा कोपऱ्यात गेला.

“अगंबाई,” बाई म्हणाल्या. “हे कुठून काढलंत?”

“त्याला अंतःप्रेरणा म्हणतात बाई. पेशंटने तोंड उघडायच्या आत मला कीड दिसते.”

बाईंनी उत्तर दिलं. दंतवैद्यांनी पुढची चाल फटकन केली. बाईंनी पुन्हा उत्तर दिलं, पण या वेळी मुद्दाम एक बावळट चाल केली. यंत्राने असलं काही दंतवैद्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांची बोटं हवेत राहिली.

“ही चाल,” ते कपाळ पुसत म्हणाले, “ही तुम्ही करायला नको होती.”

“का? वाईट आहे?”

“वाईट आहे.”

“मग मारा की मला.”

दंतवैद्यांना आठवलं की दवाखान्यात कुणीतरी तोंड उघडं ठेवून बसलंय, आणि ते बाहेर गेले.

मग बेकरीवाले आले. अंगाला ताज्या पावाचा वास, कानामागे पीठ. त्यांनी आढेवेढे न घेता राजा उचलला आणि कोपऱ्यात ठेवला. कसं सुचलं म्हणाल तर पहाटे कणीक मळताना सुचलं. मध्यभागी राजा राहिला की सगळीकडून आच लागते, कडेला सरकवला की नीट फुगतो. बाईंनी तीच बावळट चाल केली, तेव्हा त्यांना ओव्हनची आठवण झाली. ते फोन घेऊन जिन्यात गेले आणि परत आल्यावर त्यांनी दुसरी चाल अगदी अचूक केली.

“ओव्हन काय म्हणतो?” बाईंनी विचारलं.

“बरा आहे,” बेकरीवाले म्हणाले.

वकील आले तेच युक्तिवाद करीत. “बाई, माझ्या अशिलाची, म्हणजे राजाची, बाजू मुळातच पडकी आहे. तेव्हा त्याने कोपऱ्यात जाऊन तारीख मागावी. निकाल जितका लांबेल तितकं बरं.” राजा कोपऱ्यात. बाईंना क्षणभर कौतुकच वाटलं. यंत्राच्या मनातलं लाखांत एखाद्याला इतकं नेमकं कळलं असतं, आणि वकिलांना तर न विचारता कळलं होतं.

तीन जण, तीन राजे, एकच कोपरा. सापळा झकास लागला होता, हसू यायला हवं होतं, आणि येतही होतं. पण दर वेळी राजा कोपऱ्यात ठेवला गेला की बाई जिन्याकडे कान लावायच्या. एवढे शिकलेसवरलेले लोक जर तोंड वर करून थापा मारतात, तर बिचाऱ्या नळवाल्यांनी काय घोडं मारलंय? आता जिन्यात पावलं वाजली की तो चौथा राजा.

बसून राहवेना, म्हणून बाई उठून बाहेर आल्या. तिघे मोज्यांवर उभे राहून भिंतीवरच्या पटासमोर एकमेकांची पाठ थोपटत होते.

“तिघांनीही एकच चाल दिलीत,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे बरोबर!” बेकरीवाले म्हणाले.

“चूक.”

“चूक कशी असेल?” दंतवैद्य उसळले. खाई त्याला खवखवे, तसं झालं. “तुमचं कोडंच चुकलंय बाई. पांढरा वाचूच शकत नाही. काळा साडेसहाने पुढे आहे!”

खालून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला.

“साडेसहा काय, डॉक्टर?” बाईंनी गोड आवाजात विचारलं.

दंतवैद्यांनी भिंतीकडे पाहिलं. “साडेसहा वाजले, असं म्हणत होतो मी.”

घड्याळात पाच वाजायचे होते.

बाईंनी भिंतीवरच्या पटावर घोड्याचा शह दिला, प्याद्याने घोडा मारला, आपलं प्यादं पुढे सरकवलं आणि दार लावून घेतलं. मग तोच डाव मोठ्या टेबलावर मांडला. “आता काळा तुमचा. दोन हत्ती आहेत, उंट आहे. माझा नुसता राजा. तिघे मिळून जिंका. जिंकलात तर मी नियम मागे घेते आणि जाहीर माफी मागते. नाही जिंकलात, तर नियम काय आहे ते ठाऊक आहे तुम्हाला.”

“आणि तुमचा राजा कोण हलवणार?” वकिलांनी विचारलं.

“तुम्हीच हलवा. तो इथे इथे फिरेल. कसाही हलवलात तरी चालेल मला.”

हा अपमान तिघांच्याही वर्मी लागला. दंतवैद्य बाह्या सरसावून बसले. हत्ती डावीकडे गेला. “आता बघा,” ते म्हणाले. हत्ती उजवीकडे आला. बेकरीवाल्यांनी सुचवलं, उंट घालू या. उंट घातला, तो भिंतीला शिवेना. वकील म्हणाले, दोन्ही हत्ती एकाच पट्टीत आणा, दबाव येईल. दोन्ही हत्ती एकाच पट्टीत आले आणि आपल्याच प्याद्याच्या पाठीला नाक लावून उभे राहिले. बाईंना फोनमधलं यंत्र आठवलं. निदान ते घामाघूम तरी होत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. नळवाले आले. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हातात पान्हा तसाच. टेबलाभोवतीच्या गर्दीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पान्हा खिडकीत ठेवला, चपला काढल्या आणि सरळ पार्टिशनमागे जाऊन बसले. बाई मागोमाग गेल्या. मांडलेली प्यादी त्यांनी पुन्हा एकदा सरळ केली.

“करा चाल,” त्या म्हणाल्या.

नळवाल्यांचा हात राजाच्या डोक्यावरून गेला. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग टक असा आवाज आला, सोंगटीवर सोंगटी आपटल्याचा, त्यांच्या चांगल्या ओळखीचा. त्यांनी डोळे उघडले. काळा उंट टेबलावर आडवा पडला होता आणि त्याच्या जागी घोडा उभा होता.

“खाल्लात?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“खाल्ला,” नळवाले म्हणाले. मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “चुकलं ना?”

“साफ चुकलं.”

“मग हसतेस काय? आणि रडतेस काय? एक काहीतरी कर.”

बाईंनी पदराने डोळे पुसले. एवढं चुकीचं उत्तर इतकं गोड लागेल असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. “फोनला नाही विचारलंत?”

नळवाल्यांनी ओली बाही उगाच पिळली. चार थेंब फरशीवर पडले.

“विचारलं,” ते म्हणाले. “राजा कोपऱ्यात ने म्हणाला. मागची सगळी त्याचंच ऐकून केली मी. ते घोड्याचं, राजा मागे घेतल्याचं, सगळं. आता काढ मला मंडळातून.”

“मग आज का नाही ऐकलंत त्याचं?”

“तू त्या दिवशी घरी जाताना मला रस्ताभर विचारत होतीस ना, वजीर सोडून घोडा करायचं कसं हो सुचलं तुम्हाला? इतकी खुशीत होतीस. सगळा जन्म गेला, पण तू मला पटावरचं कधी काही विचारलं नव्हतंस. आणि मला सांगता येईना. मी नुसता हं हं करत चाललो. त्या मेल्याने चाल सांगितली, पण का ते सांगितलं नव्हतं.” त्यांनी नाक ओढलं. “म्हटलं, या वेळी विचारलंस तर सांगायला काहीतरी आपलं हवं. आठ दिवस डोकं फोडलं. चुकलं ते चुकलं.”

पार्टिशनच्या पलीकडून दंतवैद्यांचा आवाज आला, “आता कुठे जाईल!” आणि हत्ती पुन्हा डावीकडे सरकल्याचा.

बाईंनी आडवा पडलेला उंट पटाबाहेर उभा केला. “मंडळातून काढणार आहे तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “जन्मभर. नियम म्हणजे नियम. पण आधी सांगा, उंट खायचं कसं सुचलं तुम्हाला?”

नळवाल्यांचा चेहरा उजळला. ते खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी दोन्ही हात पटावर आणले. “हे बघ, ही पट्टी म्हणजे पाइप आहे असं धर. पाणी इथून येणार. मग तोटी कुठे आहे? तर हा उंट. मी आधी तोटीच काढून घेतली. आता पाणी येणार कुठून?”

पाणी उघड्या दारातूनच येणार होतं, तीन चालींत, राजाच्या नाकातोंडात जाईपर्यंत. तोटी, पाइप, पाणी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं चुकलं होतं. बाई गालाला हात लावून एकेक शब्द ऐकत होत्या.

“कर आता तू चाल,” नळवाले म्हणाले. “काय करशील?”

बाईंनी पटाकडे पाहिलं. काळ्याचं प्यादं हात लावायची वाट बघत दारात उभं होतं. शाळेत अर्ध्या गुणासाठी पोरांना रडवलेल्या बाई त्या. पार्टिशनमागे त्यांनी आजवर कुणाची गय केली नव्हती, नवऱ्याची तर नाहीच. त्यांनी ते प्यादं तसंच राहू दिलं, लांबचा एक हत्ती उचलला आणि जिथे त्याचं काही काम नव्हतं तिथे नेऊन ठेवला.

“हे,” त्या म्हणाल्या.

“बघ!” नळवाले मांडीवर थाप मारून म्हणाले. “पाणी बंद झालं की नाही?”

“झालं हो,” बाई म्हणाल्या. “मग पुढे?”